मूल स्कूबा डायव्हिंगला तयार आहे का, हे कसं ओळखायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी नऊ वर्षं दहा महिन्यांची आहे, पोहण्यात तरबेज आहे, पाण्याची भीती तिला ठाऊकच नाही. तुम्ही नवरा-बायको दोघंही डायव्हिंग करता, त्यामुळे 'मला पण शिकायचंय' म्हणून तिनं वर्षभर धोशा लावलाय. दोन महिन्यांनी तिला दहा पूर्ण होतील, त्यानंतर लगेच तुमची समुद्राकाठची सुट्टी आहे, तर तेव्हाच तिचा कोर्स उरकून घ्यावा का? जोडीला तेरा वर्षांचा मोठा भाऊ आहे. त्याला फारसा उत्साह नाही, पण दोघांचं एकदमच होऊन जाईल, असं तुमच्या मनात आहे.

मी मुलांना आणि मोठ्यांना बरीच वर्षं डायव्हिंग शिकवतोय. पालक भेटले की पहिल्या दोन वाक्यांत वय आणि पोहणं या गोष्टी येतात, तुमच्याही आल्या. दोन्ही लागतात, पण त्यांवरून मला फारसं काही कळत नाही. मला शोधायचं असतं ते असं: पाण्याखाली अचानक काही बिनसलं, मास्कमध्ये पाणी शिरलं, सिलिंडरमधली हवा तोंडाला पुरवणारा रेग्युलेटर तोंडातून निसटला, तर हे मूल आहे तिथेच थांबून अडचण सोडवेल, की जिवाच्या आकांतानं वर पळेल? माझ्यापुरता निकाल या एका प्रश्नावर लागतो.

वर पळणं वाईट का, हे डायव्हर म्हणून तुम्हाला माहीत आहे, पण मुलीला समोर ठेवून एकदा उजळणी करा. समुद्रात दर 10 मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणजे 10 मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट. तिथे छाती भरून घेतलेली हवा श्वास न सोडता वर आणली, तर ती दुप्पट जागा मागते. फुप्फुसं एवढी ताणली जात नाहीत. ती फाटली तर हवेचे बुडबुडे रक्तात शिरतात आणि मेंदूपर्यंत पोहोचू शकतात. आणि हा फरक सगळ्यांत जास्त पडतो तो वरच्या 10 मीटरमध्येच. 20 मीटरवरून 10 वर येताना हवा दीडपट होते, 10 वरून वर येताना दुप्पट. छाती पूर्ण भरलेली असेल तर जेमतेम सव्वा मीटरवरून वर येतानाही इजा होऊ शकते. त्यामुळे 'उथळच तर आहे, काय होणार' हे मी तरणतलावातसुद्धा ऐकून घेत नाही.

आता गंमत बघा. पोहायला शिकताना मुलाच्या अंगात दोन सवयी मुरतात: डोकं पाण्याखाली गेलं की दम धरायचा, आणि त्रास झाला की वर यायचं. पोहताना दोन्ही बरोबरच आहेत. डायव्हिंगमध्ये मात्र याच दोन सवयी घात करतात. तुमची मुलगी लहानपणापासून पोहत असेल तर तिच्यात त्या जास्तच पक्क्या असणार. चांगली पोहणारी मुलं पाण्यात निर्धास्त असतात, फिन्स (पायातले रबरी पंख) पटकन वापरायला लागतात, हा त्यांचा मोठा फायदा आहे. पण रेग्युलेटर निसटला की सर्वांत आधी वर झेप घेणारीही पुष्कळदा तीच असतात, कारण आजवर प्रत्येक वेळी त्यांची सुटका त्याच दिशेला झालेली असते. कोर्ससाठी न थांबता 200 मीटर पोहणं, किंवा मास्क-फिन्स-स्नॉर्केल (तोंडात धरायची श्वासाची नळी) लावून 300 मीटर, आणि 10 मिनिटं तरंगणं एवढी अट असते. ती तुमची मुलगी सहज पूर्ण करेल. मोठं काम आहे ते अंगात मुरलेल्या त्या दोन सवयी मोडण्याचं.

वयाचं म्हणाल तर पॅडी आणि एसएसआय या डायव्हिंगचं प्रमाणपत्र देणाऱ्या दोन्ही संस्था ज्युनियर कोर्सला 10 वर्षं ही किमान अट ठेवतात. त्याआधी 8 वर्षांपासून उथळ, शांत पाण्यात ओळख करून देणारे छोटे कार्यक्रम असतात. पॅडीच्या नियमांत 10 आणि 11 वर्षांच्या मुलांनी 12 मीटरच्या खाली जायचं नाही, आणि सोबत आई-वडील, पालक किंवा व्यावसायिक डायव्हर हवाच. 12 ते 14 या वयात ही मर्यादा 18 मीटर होते, आणि सोबत प्रमाणपत्र असलेली प्रौढ व्यक्ती लागते. 15 पूर्ण झाले की नेहमीचं प्रमाणपत्र. या अटी नीट वाचल्या तर त्यातून एक गोष्ट दिसते. दहा वर्षांच्या मुलाला स्वतंत्र डायव्हर धरायला त्या संस्थाही तयार नाहीत. कार्ड मिळालं म्हणजे मोठ्यांच्या नजरेखाली पाण्यात उतरायची परवानगी मिळाली, इतकंच. 10 हा आकडा दरवाजा कधी उघडतो तेवढं सांगतो. दहाव्या वाढदिवसाला तयार असलेली मुलं मी पाहिली आहेत आणि चौदाव्या वर्षीही ज्यांना मी 'अजून थांब' म्हटलं अशीही पाहिली आहेत.

मग ओळखायचं कसं? याची पहिली चाचणी तुम्ही स्वतः घेऊ शकता, त्याला सिलिंडर लागत नाही. कंबरभर पाण्यात तिला उभं करा. मास्क नको, फक्त तोंडात स्नॉर्केल. चेहरा पाण्यात घालायचा, नाक उघडं ठेवायचं आणि तोंडानं मिनिटभर संथ श्वास घेत राहायचं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण मोठ्या माणसांचीही यात भंबेरी उडते. पहिल्या खेपेला नाकात पाणी जाणारच, जाऊ द्या. बघायचं ते त्यानंतरच्या दोन-तीन क्षणांत. काही मुलांचे खांदे आधी वर चढतात, मग हनुवटी उचलली जाते, हात नाकाकडे जातो आणि त्याच झटक्यात पाय तळाला रेटा देतात. काही मुलं चेहरा बाहेर काढतात, खोकतात, शिंकरतात आणि 'थांब, परत करते' म्हणतात. पहिल्या प्रकारचं मूल नापास झालं असं मी म्हणत नाही. पण चार-पाच दिवस वेगवेगळ्या वेळी करूनही तोच झटका कायम राहिला, तर तलावात सिलिंडर लावून बसायचीही घाई नको. कोर्समध्ये मास्क पूर्ण काढून मिनिटभर श्वास घ्यावा लागतो, आणि कसातरी उरकून टाकायचा तो भाग नव्हे.

तलावात इन्स्ट्रक्टर मुलाच्या चेहऱ्याकडे कमी आणि बुडबुड्यांकडे जास्त बघतो. शांत मुलाचे बुडबुडे लयीत येतात: एक लांब फवारा, मग उसंत, मग पुन्हा. घाबरायला लागलेल्या मुलाचे आधी तुटक येतात, मग एकदम थांबतात. थांबले याचा अर्थ दम धरलाय. मास्कमागचे डोळे हसरे असले तरी माझा हात त्याच क्षणी तिच्या खांद्यावरच्या पट्ट्यावर जातो. तुम्ही दोघंही डायव्हर आहात, तर बुडबुडे वाचायची सवय लावून घ्या. मुलांसोबत ती फार कामाला येते.

दुसरी चाचणी समजेची आहे. पुस्तकातलं पाठ करण्यात या वयाची मुलं मोठ्यांना मागे टाकतात. 'श्वास कधीही धरायचा नाही' हे वाक्य ती दहा वेळा घडाघडा म्हणून दाखवतील. त्यानं माझं समाधान होत नाही. डोळ्यांना न दिसणारी हवा दाबानं आक्रसते आणि फुगते, हे मनातल्या मनात उभं करणं या वयात जड जातं. पियाजे या मानसशास्त्रज्ञानं अशा अमूर्त विचाराची सुरुवात साधारण 11-12 वर्षांच्या आसपास मानली होती, आणि माझा अनुभवही त्याच्या जवळपास जातो. म्हणून मी प्रश्न फिरवून विचारतो. 'वर येताना मध्येच कासव दिसलं आणि तू बघत राहिलीस, बुडबुडे सोडायला विसरलीस, तर काय होईल?' किंवा 'तुझ्या भावानं खाली असताना तुला खुणेनं सांगितलं की चल, शर्यत लावू वरपर्यंत, तर तू काय करशील?' उत्तर तिच्या स्वतःच्या शब्दांत आलं पाहिजे, तोडकंमोडकं असलं तरी चालेल. 'सर म्हणाले म्हणून' हे उत्तर पुरेसं नाही, कारण सर दिसत नसतील तेव्हा ते टिकत नाही.

तिसरी गोष्ट मोजता येत नाही, आणि मला सगळ्यांत महत्त्वाची तीच वाटते: तिला त्रास होत असेल तर ती सांगते का? लहान मुलांना मोठ्यांना खूश करायचं असतं. पाण्याखाली 'ठीक आहेस ना?' अशी खूण केली की बोटांचं कडं करून 'ठीक' हे उत्तर विचार न करता येतं. थंडीनं कुडकुडत असेल, कान ठणकत असेल, तरी येतं. म्हणून मुलांसोबत मी 'ठीक आहेस का' या खुणेवर फार विसंबत नाही. तिला काम सांगतो. गेजवर, म्हणजे सिलिंडरमधला दाब 'बार'मध्ये दाखवणाऱ्या तबकडीवर, किती हवा उरली ते बोटांनी दाखव, असं विचारलं की तिला बघावं लागतं, वाचावं लागतं, आकडा कळवावा लागतो. सिलिंडर 200 बारला भरलेला होता आणि ती 120 दाखवतेय, तर तिचं डोकं ठिकाणावर आहे. आकडा दाखवता येत नसेल किंवा ती नुसतीच मान डोलवत असेल, तर डाइव्ह तिथेच संपली. आणखी एक मजा म्हणजे अंगठा. जमिनीवर अंगठा वर म्हणजे 'मस्त!', पाण्याखाली मात्र त्याचा अर्थ 'वर चला'. मासा दिसला की मुलं आनंदानं अंगठा दाखवतात. माझा नियम असा की अंगठा दिसला की आपण वर जायचं, ती चुकून म्हणाली असली तरीही. दोनदा असं झालं की ती खूण आयुष्यात विसरत नाही. आणि वर जायची मागणी केली तर ती लगेच मानली जाते, वाद घातला जात नाही, हेही तिला कळतं.

घरी हे कसं दिसेल? ताप आला तर ती स्वतः येऊन सांगते की अंग तापलेलं तुम्हालाच हाताला लागतं? पोहून दमली तर 'बास' म्हणते का? मैत्रिणींच्या नादानं नको असलेली गोष्ट करत राहते का? भीड न बाळगता 'मला नाही करायचं' म्हणू शकणारं मूल मला पाण्यात जास्त सुरक्षित वाटतं. याउलट कशालाच न घाबरणारं मूल दिसलं की मी जरा सावध होतो. पाण्याची भीती तिला ठाऊकच नाही, हे तुम्ही कौतुकानं लिहिलंय. मला त्याऐवजी थोडीशी भीती असलेली आणि पाच प्रश्न विचारणारी मुलगी चालेल.

आता शरीराकडे येऊ, कारण इथे मन तयार असूनही गाडी अडते. आणि इथलं बरंचसं प्रत्येक मुलागणिक बदलतं, म्हणून शेवटचा शब्द डॉक्टरांचा.

कान पहिले. कानाच्या मधल्या भागातून घशाकडे जाणारी नळी लहान मुलांत आखूड, अरुंद आणि जवळपास आडवी असते. वयानुसार ती लांब आणि तिरकी होते, तसं कानातला दाब जुळवणं सोपं जातं. विमान उतरताना तिचे कान दुखतात का? तलावाच्या खोल बाजूला तळापर्यंत सूर मारला की कानाला दडे बसतात का? नाक चिमटीत धरून हलकेच फुंकल्यावर दोन्ही कानांत 'टक्' होतं का, की एकाच? वारंवार कान फुटण्याचा, कानाच्या पडद्यामागे पाणी साचण्याचा, ॲडिनॉइडचा (नाकामागच्या गाठींचा) इतिहास असेल किंवा कानात नळी बसवली असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना आधी गाठा, आणि त्यांना 'पोहायला जाणार' असं न सांगता 'सिलिंडर लावून 10-12 मीटर खाली जाणार' असं स्पष्ट सांगा. साधी सर्दी असली तरी त्या दिवशी पाण्यात उतरायचं नाही. नाक मोकळं करणारं औषध देऊन उतरवायचं तर त्याचा असर खाली असतानाच संपू शकतो, आणि मग वर येताना कानातली हवा अडकते.

दमा, फिट येण्याचा इतिहास, हृदयाचा जन्मजात दोष, मधुमेह, लक्ष एकाग्र न होण्याचा त्रास आणि त्यावर चालू असलेली औषधं, यातलं काहीही असेल तर डायव्हिंगची माहिती असलेल्या डॉक्टरांची लेखी परवानगी लागते. कोर्सआधीच्या वैद्यकीय प्रश्नावलीवर तिच्या वतीनं सही तुमची असणार. तिथे खरं ते लिहा. दम्याचा पंप बॅगेत ठेवून फॉर्मवर 'नाही' लिहिणारे पालक भेटतात, आणि सुट्टी वाया जाऊ नये हेच त्यामागचं कारण असतं. दम्यात फुप्फुसाच्या कोपऱ्यात हवा अडकून राहू शकते. दाब कमी होताना तिचं काय होतं ते वर लिहिलंच आहे.

डीकम्प्रेशन सिकनेसबद्दल लोक विचारतात, म्हणजे खोलात जास्त वेळ राहून वर आल्यावर रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होणं. किती खोल किती वेळ राहायचं हे सांगणारे आपले तक्ते आणि मनगटावरचे डाइव्ह कॉम्प्युटर प्रौढांवरच्या चाचण्यांवर आणि अनुभवावर उभे आहेत. मुलांवर असे प्रयोग कोणी करत नाही, करूही नयेत. वाढत्या हाडांच्या टोकांशी असलेल्या नाजूक भागाचं काय, ही काळजी डॉक्टर बोलून दाखवतात. शिवाय साधारण चारातल्या एका माणसाच्या हृदयात दोन कप्प्यांमधलं जन्माच्या वेळचं भोक पूर्ण बुजलेलं नसतं आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो. म्हणून कॉम्प्युटर 'अजून वेळ आहे' म्हणत असला तरी मुलाला मी त्याच्या हद्दीजवळ नेत नाही. उथळ, आखूड आणि दिवसाला फार तर दोन डाइव्ह.

थंडीकडे मात्र पालक सर्रास दुर्लक्ष करतात. पाणी हवेपेक्षा साधारण 25 पट वेगानं अंगातली ऊब ओढून घेतं. मुलाचं वजन कमी, त्या मानानं कातडीचं क्षेत्रफळ जास्त, अंगावर चरबी नाही. तुम्हाला कोमट वाटणाऱ्या पाण्यात ती वीस मिनिटांत गारठते, आणि गारठलेलं मूल चुका करतं. वेटसूट तिच्या मापाचाच हवा. मोठ्या भावाचा घातला तर आत पाणी खेळत राहतं आणि सूट असून नसल्यासारखा. ओठ निळे पडले, ती गप्प झाली किंवा चिडचिड करायला लागली की त्या दिवसापुरतं बास.

मापाचाच मुद्दा बाकी साहित्यालाही लागू. 12 लिटरचा भरलेला स्टीलचा सिलिंडर 15 किलोच्या पुढे जातो. तिचं स्वतःचं वजन 30 किलो असेल तर हिशोब तुम्हीच करा. लहान सिलिंडर, लहान मापाचं बीसीडी (हवा भरून तरंगणं सांभाळायचं जाकीट), लहान मुखखंडाचा, म्हणजे दातांत धरायच्या तोंडाचा, रेग्युलेटर आणि चेहऱ्यावर घट्ट बसणारा छोटा मास्क हे सगळं ज्यांच्याकडे नसेल, त्यांच्याकडे मुलाला शिकवायची सोयच नाही असं समजा. मोठं बीसीडी पाण्यावर आलं की कानापर्यंत चढतं आणि सिलिंडर पाठीवर एका अंगाला कलतो. पाण्यात उतरल्यावरच साहित्य चढवायचं, म्हणजे पाठीवर भार नाही. आणि दात! या वयात दुधाच्या दाढा हलत असतात, आणि रेग्युलेटर धरायचा तो दातांनीच. हलणारी दाढ असेल तर मुखखंड नीट चावता येत नाही, जबडा दुखतो, मूल तो ओठांनीच धरून ठेवतं आणि मग तो निसटतो. कोर्सच्या आठवड्यात तिच्या तोंडात एकदा डोकावा. इतक्या साध्या कारणानं एखादं हुशार मूल तलावात रडकुंडीला येतं, आणि सगळे समजतात ते घाबरलं.

आतापर्यंत मुलीबद्दल बोललो. थोडं तुमच्याबद्दल. तुमची शेवटची डाइव्ह कधी झाली? कारण दहा वर्षांच्या मुलीसोबत तुम्ही खाली असता तेव्हा कागदावर ती तुमची बडी, म्हणजे पाण्याखाली एकमेकांना सांभाळणारी जोडीदार, असते, प्रत्यक्षात तुम्ही एकटे असता. तुमची हवा संपली, पायात गोळा आला, भान हरपलं, तर 30 किलोची मुलगी तुम्हाला वर आणू शकत नाही. प्रयत्न केलाच तर तिच्याही जिवावर बेतेल. म्हणून एका मुलामागे दोन सक्षम मोठी माणसं, हे माझं गणित, नियम काहीही म्हणोत. एक जण तिच्या हाताच्या अंतरावर, दुसरा किंचित मागे, दोघांनाही बघत. तुम्हा दोघांची दोन मुलं एकाच डाइव्हवर, हे या गणितात बसत नाही. आणखी दोन माणसं, इन्स्ट्रक्टर किंवा डाइव्हमास्टर, सोबत घ्या, किंवा एका वेळी एकच मूल घेऊन आळीपाळीनं उतरा.

शिकवताना मात्र तुम्ही तलावाच्या काठावरही नको. आई-बाबा बघत असले की मुलं अडलेलं लपवतात, किंवा उलट, जरा अडलं की काठाकडे बघतात. 'अगं जमेल, कर ना' हे वाक्य काठावरून आलं की माझं निम्मं काम बिघडतं. तिला परक्या माणसासमोर 'नाही' म्हणायची मोकळीक हवी, आणि ती म्हणाली तर घरी तोंड पाडून कोणी बसलेलं नसावं.

मोठ्या मुलाचं उत्तर याच ओघात देऊन टाकतो. त्याला नियमांप्रमाणे 18 मीटरपर्यंत जाता येईल, अंगानंही तो बहिणीपेक्षा सक्षम असेल. तरी त्याला या वर्षी नाव घालू नका. ज्याला मनापासून नको आहे, त्याला पाण्याखाली अडचण आली की तिथे थांबायचं काही कारणच नसतं. शिवाय धाकटी बहीण भराभर शिकतेय आणि आपल्याला अडतंय, हे तेरा वर्षांच्या मुलाला झोंबतं. मग तो अडलेलं सांगत नाही. त्याला स्नॉर्केल द्या, सुट्टी घालवू द्या. पुढच्या वर्षी स्वतःहून म्हणाला तर बघा. स्नॉर्केल घेऊन सूर मारताना एकच ताकीद द्या: दम जास्त टिकावा म्हणून भराभर श्वास घेऊन बुडी मारायची नाही. त्यानं पाण्याखाली शुद्ध हरपते, आणि जवळच्यांना पत्ताही लागत नाही.

मुलीचं तुमच्या जागी मी असं केलं असतं. आत्ताच कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे दाखवून घेतलं असतं. दहा पूर्ण व्हायच्या आत जवळच्या एखाद्या तलावात 8 वर्षांपासूनच्या मुलांसाठीचा ओळखीचा कार्यक्रम, आणि जोडीला वर सांगितलेली स्नॉर्केलची चाचणी. यात ती रमली, बुडबुडे लयीत राहिले, तर वाढदिवसानंतर कोर्सचा पुस्तकी भाग आणि तलावातलं शिक्षण घराजवळच, आठवड्यातून एकदा, घाई न करता. मोठ्यांना हे दोन दिवसांत शिकवतात. मुलाला तेच दोन दिवसांत शिकवलं तर तिसऱ्या दिवशी निम्मं उडून गेलेलं असतं. तलावाचा भाग एकीकडे आणि समुद्रातल्या डाइव्ह दुसरीकडे, अशी सोय या कोर्समध्ये असते. घराजवळचा इन्स्ट्रक्टर तसा कागद देतो आणि समुद्राकाठचा पुढचं पूर्ण करतो. तुमचे दोन महिने आणि नंतरची लगेचची सुट्टी एवढ्यात हे बसेल असं मला वाटत नाही. बसलं नाही तर सुट्टीत तिनं स्नॉर्केलिंग करावं, आणि समुद्रातल्या डाइव्ह पुढच्या खेपेला.

सुट्टीच्या ठिकाणचं डाइव्ह सेंटर निवडताना फोनवर तीन-चार गोष्टी विचारा. दहा वर्षांच्या मुलांना याआधी कोणी शिकवलंय, आणि शिकवणारा तोच असेल का? एका इन्स्ट्रक्टरकडे किती मुलं? या वयात दोनच्या वर मला पटत नाहीत. लहान मापाचं साहित्य आहे का, की 'ॲडजस्ट करू'? बोटीवर ऑक्सिजन आहे का, आणि डीकम्प्रेशन सिकनेसच्या उपचाराचा दाब-कक्ष असलेलं रुग्णालय किती अंतरावर? आणि शेवटी: 'तलावात तिला नाही जमलं तर तुम्ही काय करता?' 'जमतंच हो, सगळ्यांना जमतं' असं उत्तर आलं तर फोन ठेवा. 'थांबवतो, राहिलेलं पुढे कधीतरी पूर्ण करू' असं म्हणणारा माणूस मिळाला तर त्याच्याकडे जा. परतीचं विमान शेवटच्या डाइव्हनंतर निदान 18 तासांनी असू द्या, म्हणजे सुट्टीचा शेवटचा दिवस कोरडा, हे तिकीट काढतानाच धरून चाला.